दोन लहान, एक लांब

"तसा नाही," आई म्हणाली. "हा वर्ग गप्प करायचा खोकला झाला. मास्तरीण आहेस हे विसर जरा."

मी पुन्हा खोकले.

"आता पडसं झालं. वैजू, छातीतून काढ. आधी दोन लहान, मग श्वास अडकल्यासारखं थांबायचं, मग एक लांब. आणि शेवटी घशात शिट्टी वाजली पाहिजे."

"शिट्टी मुद्दाम कशी वाजवायची?"

"मला विचारू नकोस. माझी आपोआप वाजते."

एवढं बोलल्यावर ती वाजलीच. आईनं टेबलाची कड धरली, शाल तोंडाशी नेली आणि खाली वाकली. दोन लहान, मग तो थांबा, मग एक लांब. मी उठायला लागले तशी तिनं हातानंच मला बसवलं. हीरामणी चुलीवर रोटी उलटत होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

"ऐक बेटी, नीट ऐक," ती म्हणाली. "गुरुजी गाऊन दाखवतायत."

आई हसली आणि त्या हसण्यानं तिला आणखी खोकला आला.

हिमाचलात, देवदारांच्या वरच्या अंगाला एका लहानशा संस्थेचं पक्षी-पैदास केंद्र होतं. आई तिथली पशुवैद्य. बाबा गेल्यावर सातारची नोकरी सोडून ती तिकडे गेली. मी तेव्हा कॉलेजात होते, मावशीकडे राहिले. हीरामणी नेगी खालच्याच गावची. पक्ष्यांचं खाणंपिणं, पिंजऱ्यांची सफाई सगळं तिच्याकडे. ती हिंदीत बोलायची, आई मराठी मिसळलेल्या हिंदीत, आणि दोघींची भांडणं त्यामुळे कधी अडली नाहीत.

केंद्रातला पक्षी जुजुराणा. रानकोंबड्यांच्या गणगोतातला, पण मोरासारखा मान राखून चालणारा. नराची मान तांबडी, अंगावर पांढरे ठिपके. मादी सुकल्या पानांच्या रंगाची. देवानं सगळ्या पक्ष्यांकडून एकेक पीस मागून हा बनवला, असं हीरामणीच्या गावात सांगतात. आता उरलेत ते फार थोडे, आणि एकाच पट्ट्यात: खाली ऊब वाढत चाललेली, वर डोंगर संपलेला.

केंद्राचा एक नियम होता. पिल्लांसमोर बोलायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही. मातकट रंगाचा पायघोळ अंगरखा घालायचा, डोक्यावरून जाळी, हात बाहीच्या आत. अळ्या बाहीतूनच खाली सोडायच्या. पिल्लानं माणसाला आपलं समजलं की त्याचं रानातलं आयुष्य संपलं. आईनं हा नियम इतकी वर्षं पाळला की सुट्टीत सातारला आली तरी स्वयंपाकघरात ती न बोलता वावरायची, आणि मावशी म्हणायची, "कुमुद, मी कोंबडी नाही. बोललीस तरी चालेल."

आदल्या उन्हाळ्यात उष्मा लवकर चढला. अंड्यांवर बसलेल्या माद्या ऐन वेळी उठून गेल्या. आईनं अंडी यंत्रात उबवली आणि त्यातली तीन पिल्लं जगली, एक नर आणि दोन माद्या. ती तिनं स्वतः वाढवली. चेहरा झाकला, आवाज गिळला. खोकला मात्र गिळता आला नाही. पक्ष्यांच्या पिसांची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत जाऊन तिची फुप्फुसं आवळत चालली होती. सिमल्याच्या डॉक्टरांनी मला फोटो दाखवून समजावलं होतं. तिला आत जाऊ देऊ नका, आणि लवकर खाली, घरी न्या.

तोवर पिल्लांनी आपला निष्कर्ष काढला होता. दोन लहान, एक लांब, म्हणजे अळ्या आल्या. अंगरखा कुणाचाही असो, खोकल्याशिवाय ती जवळ येत नसत. आणि भिंतीपलीकडे आई खोकली की तिघं दाराशी येऊन उभी राहत.

"रानात कोण खोकतं?" मी आल्या दिवशी आईनं मला परीक्षेतल्यासारखं विचारलं होतं.

"कोण?"

"मेंढपाळ. गवत कापायला येणाऱ्या बायका. फासे लावणारे. आणि यंदा तर सगळेच."

यंदा म्हणजे त्या वर्षी बर्फ पडलं नव्हतं. मी सातारहून दोन स्वेटर, लोकरी मोजे घेऊन गेले होते आणि दुपारी नुसत्या साडीवर अंगणात बसत होते. खाली चीडच्या, म्हणजे पाइनच्या, जंगलात ऐन माघात आगी लागत होत्या. सकाळी दरीतून धूर वर यायचा आणि सगळं गाव खोकत उठायचं.

"हे तिघं धावत जाऊन त्यांच्या पायाशी उभे राहतील," आई म्हणाली. "आणि मग त्यांचं कालवण होईल."

म्हणून खोकल्याला भीती जोडायची होती. आईचा अंगरखा घालून, आईसारखं चालत कुणीतरी आत जायचं, तिच्यासारखं खोकायचं, आणि पक्षी जवळ आले की पत्र्याचा डबा बडवत त्यांच्या अंगावर धावून जायचं. पुन्हा पुन्हा, त्यांना तो आवाज नकोसा होईपर्यंत. हीरामणीनं करून पाहिलं होतं. ती बुटकी आणि भरल्या अंगाची. पक्ष्यांनी तिच्या खोकल्याकडे मानही वळवली नाही. माझी उंची आईची, चाल आईची आणि मावशी म्हणते तसा गळाही आईचा.

"पक्षी सोडले की मी येते सातारला," आई म्हणाली.

"आणि नाही सोडता आले तर?"

"तर तू जा. तुझी रजा संपेल."

मला पक्ष्यांचं फारसं काही नव्हतं, खरं सांगायचं तर. मला आईला खाली आणायचं होतं. म्हणून मी टेबलाशी बसून माझ्या आईचा खोकला शिकत होते, आणि ती माझा खोकला दुरुस्त करत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "झालं. आता जा."

अंगरख्याला कापराचा आणि तिच्या केसांच्या तेलाचा वास होता. जाळीतून सगळं किंचित अंधारलेलं दिसायचं. एका बाहीत डबा, दुसऱ्या बाहीत काठी. पिंजरा म्हणजे जाळीनं बंद केलेला रानाचाच एक तुकडा, आत रिंगाळ, म्हणजे डोंगरातला बारीक बांबू, दोन ओकची झाडं, एक पाण्याचा पाट. मी आत जाऊन दार लावलं. कुणी दिसेना.

मी खोकले. दोन लहान. थांबले. एक लांब. शिट्टी वाजली.

रिंगाळ हलला. आधी एक मादी आली, मग दुसरी, मग नर. त्याच्या मानेवर तांबडं नुकतं उमटायला लागलं होतं, जागोजागी, कुणी रंगाचा हात पुसल्यासारखं. ती चालत नव्हती, पळत येत होती. पायाशी येऊन थांबली. एका मादीनं अंगरख्याची कड चोचीत धरून हलकेच ओढली. नंतर वर बघितलं, बाहीकडे.

डबा माझ्या हातात होता.

मी तो तसाच धरून मागे सरले. मग दार उघडून बाहेर आले.

आई ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसली होती. तिथून आतलं दिसत नसे, ऐकू येई.

"डब्याचा आवाज आला नाही," ती म्हणाली.

"ती माझ्याजवळ आली ग."

"तुझ्याजवळ नाही." तिनं शाल सावरली. "अंगरख्याची कड कुणी ओढली?"

"एका मादीनं."

"पिवळं कडं असेल पायात. ती पहिल्यापासून लोचट आहे." आणि मग तिनं दुसरीकडे पाहिलं. "ती अंड्यातून बाहेर येत होती तेव्हा मला उबळ आली होती. तिनं जगात पहिलं ऐकलं ते तेच."

मी अंगरखा काढून तिच्याशेजारी ठेवला. "मग मला कशाला सांगतेस हे? एकदा म्हणतेस मार, एकदा म्हणतेस..."

"मी मार म्हटलं नाही. भिववायचं म्हटलं." ती म्हणाली. "तुला काय वाटतं, मला आवडतंय?"

हीरामणी बादली घेऊन चालली होती. ती थांबली. "डॉक्टरनीजी, दिवाळीपासून तुम्ही रोज म्हणता उद्या करू, उद्या करू. बेटी पण तुमचीच. उद्याच करेल."

"तू बादली घेऊन जा," आई म्हणाली.

"जाते. पण समोरच्या धारेवर बघा आधी."

आम्ही समोरच्या डोंगरकण्याकडे बघितलं. खालची आग रात्रीतून ओढा ओलांडून वर चढली होती. चीडच्या वरचं ओकचं रान, ज्यात आईनं आधीच्या वर्षी पक्षी सोडले होते, त्यावर धूर बसला होता. ज्वाळा दिसत नव्हत्या. नुसता पिवळट धूर, आणि त्यात मधूनच एखादं झाड आतून उजळल्यासारखं व्हायचं.

आई उठली. दोन पावलं पुढे गेली आणि कठड्याला धरून उभी राहिली.

"तिथे नेहमी मांडीएवढं बर्फ असतं या दिवसांत," ती म्हणाली. "मी आले तेव्हा हे पक्षी हिवाळ्यात त्या ओढ्यापाशी उतरायचे. नंतर ओकात दिसायला लागले. नंतर त्याच्या वर. आता यांना देवदाराच्याही वर सोडायला हवं, फरच्या झाडांच्या रानात."

"आणि त्याच्या वर?"

"त्याच्या वर गवत. मग दगड."

धूर इथवर आला तर पिंजऱ्यातले पक्षी गुदमरणार, हे कुणी बोललं नाही. तिची छाती धुरात काय करेल हेही नाही. तिनं अंगरखा उचलला, झटकला आणि माझ्यासमोर धरला. लहानपणी शाळेत जाताना स्वेटर धरायची तसाच, बाह्या उघड्या करून.

मी हात घातले.

त्या दिवशी मी डबा वाजवला. त्यानंतर रोज वाजवला. खोकायचं, ती आली की बडवत पळत सुटायचं, देवदाराची बोंडं फेकायची, अंगरखा पसरून कोपऱ्यात कोंडायचं. नर दुसऱ्याच दिवशी शहाणा झाला. एक मादी तिसऱ्या. पिवळ्या कड्याची मात्र येतच राहिली. लांब थांबायची, मान तिरकी करायची, आणि मग येऊ का नको करत चार पावलं यायची. मी काठी आपटली की मागे सरायची आणि पुन्हा उभी राहायची. तिच्या शेपटीचं एक पीस माझ्या पायाखाली तुटलं. ते मी आईला दाखवलं नाही.

ती आली नाही तो दिवस मला आठवतो. मी खोकले आणि रिंगाळात फडफड झाली, पलीकडच्या टोकाला. मी पुन्हा खोकले. काहीच नाही. मी डबा खाली ठेवला आणि तिथेच, दाराशी, जमिनीवर बसले.

संध्याकाळी आई म्हणाली, "मी बघून येते."

"डॉक्टरांनी आत जायला..."

"आत जात नाही. जाळीपाशी जाते. तू काढलेला खोकला तो तू काढलेला. खऱ्याला काय करतात ते बघायला हवं."

ती शाल गुंडाळून गेली. मी आणि हीरामणी थोड्या मागे, आतलं दिसेल अशा जागी उभ्या राहिलो. आई जाळीशी उभी राहिली. तिला खोकावं लागलंच नाही. चढ चढून दम लागला होता, खोकला आपोआप आला. दोन लहान. एक लांब.

आत फांद्या मोडल्यासारखा आवाज झाला. तिन्ही पक्षी पलीकडच्या जाळीवर जाऊन आदळले आणि मग रिंगाळाच्या बुडाशी, दिसेनासे झाले. एक मादी ओरडत राहिली. हरवलेल्या करडासारखा आवाज असतो त्यांचा.

आईला उबळ आवरेना. ती खोकत होती आणि ते आत धडका देत होते. शेवटी तिनं शालीचा बोळा करून तोंडात धरला आणि पाठमोरी होऊन, जाळीपासून दूर, उताराकडे चालत गेली. हीरामणी धावली. मी नाही.

परत आली तेव्हा तिचे डोळे पाण्यानं भरले होते, पण ते खोकल्यानंही भरायचे.

"पास," ती म्हणाली. खुर्चीत बसली. "तिघंही पास. चहा टाकता का कुणी?"

हीरामणीनं चहा केला. आईनं तो थंड होईपर्यंत हातात धरला.

"पिवळी पण पळाली ना?" तिनं विचारलं.

"सगळ्यांच्या आधी," हीरामणी म्हणाली. ते खोटं होतं. मी पाहिलं होतं. पिवळ्या कड्याची मादी क्षणभर थांबली होती, मान तिरकी करून.

पुढच्या दिवसांत, पक्षी नेईपर्यंत, आई पिंजऱ्याच्या बाजूच्या खोलीत झोपली नाही. तिनं आपली खाट मागच्या कोठीत हलवली. उबळ आली की उशी तोंडावर धरायची. मी म्हटलं, अगं, श्वास कोंडेल. ती म्हणाली, उगीच घाबरतात बिचारे.

पहाटे निघालो. टोपल्या पाठीवर बांधलेल्या, वर पोतं टाकून अंधार केलेला. दोन हीरामणीच्या गावच्या माणसांकडे, एक हीरामणीकडे. मी मागे पाणी घेऊन. आईला चढण अशक्य होती. ती अंगणात उभी होती, शाल तोंडाशी घट्ट धरून. टोपल्या तिच्यासमोरून गेल्या. तिनं हात पुढे केला नाही, काही बोलली नाही. नियमच होता तसा. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे. मग लक्षात आलं, ती खोकला दाबते आहे.

वर फरच्या रानात टोपल्या उघडल्या. नर सरळ निघून गेला. एक मादी त्याच्या मागे. पिवळी टोपलीच्या तोंडाशी उभी राहिली, एकदा मातीत चोच मारली आणि मग रिंगाळात शिरली. सगळं इतकं लवकर झालं की मला काही वाटायलाही वेळ मिळाला नाही.

आई माझ्याबरोबर सातारला आली. शब्द दिला होता तो पाळला. पुढच्या हिवाळ्यात गेली. हॉस्पिटलात तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा असायचा, त्यातून बोलणं जमायचं नाही. ती खिडकीकडे बघायची. एकदा मुखवटा बाजूला करून तिनं विचारलं, "तिकडे बर्फ पडलं का ग?" मी हीरामणीला फोन लावला. नव्हतं पडलं. मी म्हटलं, हो, मांडीएवढं.

ती गेल्यावर दोनएक महिन्यांनी मला सर्दी झाली. दुपारी पुस्तक वाचत पडले होते आणि उबळ आली, तेव्हा कशी कोण जाणे, ती तशीच आली. दोन लहान, एक लांब, शेवटी शिट्टी. मावशी स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला घेऊन धावत आली. दारात आली आणि थांबली. पेल्यातलं पाणी फरशीवर सांडलं. तिनं फडकं आणून फरशी पुसली. तेव्हापासून मला खोकला आला की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते.

पाच वर्षांनी हीरामणीचा फोन आला. "वर ये एकदा," ती म्हणाली. "केंद्र बंद होतंय. तुझ्या आईच्या खोलीत वस्तू आहेत. आणि एक गोष्ट दाखवायची आहे, दिसली तर."

जूनमध्ये गेले. पिंजऱ्यांची जाळी काढून नेली होती. रिंगाळ आता कुणाचा नव्हता. जळालेल्या ओकांचे काळे बुंधे अजून उभे होते. त्यांच्यात खालचा चीड उगवून आला होता, हिरवागार, आणि तो बघून हीरामणी म्हणाली, "हा हिरवा मला आवडत नाही."

आम्ही फरच्या रानात चढलो. ती आता सावकाश चढायची, मीही. तिनं एका उन्मळलेल्या झाडामागे मला बसवलं. "सकाळी इथं एकदा आवाज ऐकला," ती कुजबुजली. "आणि विष्ठा पाहिली. लहान पण होती."

खूप वेळ काही झालं नाही. धुकं आलं आणि गेलं. तिनं माझ्या कोपराला हात लावला. "खोक," ती म्हणाली.

"इथे?"

"मग कुठे?"

मी खोकले. इतक्या वर्षांत मुद्दाम काढला नव्हता, तरी पहिल्याच वेळी बरोबर आला. दोन लहान. थांबले. एक लांब. शिट्टी झाडांमधून लांबवर गेली.

खालच्या रिंगाळात काहीतरी हललं. एक मादी बाहेर आली, सुकल्या पानांच्या रंगाची. मान तिरकी करून ती आमच्या दिशेनं थांबली. गवतात तिचा पाय दिसला आणि पायातलं पिवळं, मळलेलं कडं. मी श्वास धरला. त्या क्षणी मला काय हवं होतं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

ती ओरडली, तुटक, कर्कश. रिंगाळातून दोन पिल्लं निघाली, मुठीत मावतील एवढी, आणि तिच्या मागे पळत सुटली. चढावर. आमच्यापासून दूर. पिल्लांनी तो आवाज आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला असणार. ती पळाली, कारण आई पळत होती.

"गेली," हीरामणी म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "बघितलंस? पोरांना पण शिकवलं तिनं."

मी मान हलवली. मग पुन्हा खोकले. गरज नव्हती. वर, बऱ्याच वर, जिथून पुढे नुसतं गवत होतं, तिथे पानं हलली आणि थांबली.

हीरामणीनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि माझ्यापुढे धरली. मला तहान नव्हती. मी ती घेतली आणि प्यायले.